दोघींतली गया कोणती

हळद शिजायला लागली की माझं डावं-उजवं चुकायला लागतं. हे कुणाला सांगायची सोय नाही. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईला दिशा कळत नाहीत म्हटल्यावर पोरं वर्गात बसू देतील का मला? पण आहे ते आहे. परवा हिंगोलीहून कुरुंद्याला गेले. गाव यायच्या आधीच एसटीच्या खिडकीतून तो वास आत आला, ओल्या मातीचा आणि उकडलेल्या कंदाचा, नाकात थोडा झोंबणारा. शेताशेतांत हळद शिजवायच्या कुकरची वाफ वर चाललेली. उतरले आणि भावाच्या घराकडं वळायचं सोडून भलतीकडंच चालायला लागले. दत्ता मोटारसायकल घेऊन मागून आला. "अक्का, घर इकडं हाय," म्हणाला, आणि गावभर ऐकू जाईल असा हसला.

त्याला माहीत आहे मी का चुकते. तो हंगाम त्यानंही पाहिलाय.

आमचे वडील, अण्णा, फोटोग्राफर होते. कळमनुरीत त्यांचा स्टुडिओ होता. मागं रंगवलेला पडदा, त्यावर एक तळं आणि तळ्यात दोन बदकं. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांची माणसं त्या तळ्यासमोर नवे कपडे घालून, श्वास रोखून बसायची. तांड्यावरच्या बाया आल्या की त्यांच्या आरशांच्या कपड्यांवरून उजेड परतायचा आणि अण्णा कावरेबावरे व्हायचे. मागच्या अंधाऱ्या खोलीत मी लहानपणी औषधाचे ट्रे हलवत बसायची. कोऱ्या कागदावर माणूस हळूहळू उगवताना पाहिलं की मी ट्रे हलवायचं विसरायची. अजूनही विसरते. अण्णा गेल्यावर स्टुडिओ मोडला. कॅमेरे, निगेटिव्हचे डबे आणि एन्लार्जर दत्ताच्या घरी आले आणि हळदीच्या कोठीत पोत्यांच्या मागं जाऊन बसले.

आईला आम्ही बाई म्हणतो. बाईच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली किती टिकेल तेही सांगता येणार नाही. गाडीत बसल्यावर बाईनं डोळ्यांतलं औषध पदरानं टिपलं. मग म्हणाली, "गयाचं तोंड याद येऊन न्हाई राहिलं मला. समदी नजर जायच्या आधी एकडाव दाव."

गया म्हणजे बाईची थोरली बहीण, आमची गयामावशी. आम्ही तिला पाहिलेलं नाही. अण्णा बाईच्या माहेरी, साखऱ्याला, मुलगी पाहायला गेले ते गयामावशीला. मुलगी पाहायला जाताना कुणी कॅमेरा नेतं का? यांनी नेला. लाकडी, पायांवर उभा राहणारा, मागं काळा कपडा असलेला. अंगणात दोघी बहिणींना शेजारी बसवून त्यांनी एक फोटो काढला. लग्न ठरलं. जात्यावर हळद दळून झाली. आणि गयामावशी तापानं गेली. मोठ्या माणसांनी बसून ठरवलं, पाहुणा चांगला आहे, परत पाठवायचा नाही, धाकटीला उभी करा. गयासाठी दळलेली हळद बाईला लागली. हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. बाई ते सांगायची, पण भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून सांगावं तसं, हात पुसत पुसत. त्यामुळं त्यात काही मोठं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. त्या दिवशी गाडीत ती म्हणाली, "तिच्या जागी बसले जन्मभर, अन् तिचंच तोंड इसरले." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे दुखत होतं.

निगेटिव्ह सापडली. एका डब्यात, बटर पेपरमध्ये गुंडाळलेली, पोस्टकार्डाएवढी. अशा मोठ्या निगेटिव्हवर अण्णा कागद थेट दाबून फोटो छापायचे, म्हणजे निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो. पण त्यात दोघी पायापासून डोक्यापर्यंत बसलेल्या, म्हणजे तोंड चिंचोक्याएवढं. बाईला चिंचोका दिसत नव्हता. तिला परातीएवढं तोंड हवं होतं.

तुम्ही म्हणाल मोबाइल आहे की. तेच आधी केलं. खिडकीच्या काचेवर निगेटिव्ह धरून फोटो काढला आणि फ्लेक्सवाल्याकडं दिला. त्या भल्या माणसानं दोघींना गोरं केलं, ओठ गुलाबी केले, कपाळावरची मूळची बारीक टिकली पुसून मोठी चमकदार लावली आणि कोपऱ्यात गुलाब टाकले, तेही न मागता. बाईनं तो फ्लेक्स डोळ्याला लावून पाहिला आणि म्हणाली, "ह्या कोनाच्या सुना?" आता त्या फ्लेक्सनं दत्ताच्या बैलांची वैरण झाकलेली असते.

मग मी हट्टाला पेटले. अण्णांचा एन्लार्जर आहे, मला ट्रे हलवता येतात, मग काय अवघड आहे? मुंबईहून कागद आणि औषधाच्या पुड्या मागवल्या. कोठीला खिडकी नाही, दाराच्या फटीत पोती कोंबली की भर दुपारी मिट्ट काळोख. लाल दिवा लावला. हळदीच्या पोत्यांवर पाट ठेवून त्यावर ट्रे मांडले. बाहेर अंगणात हळद शिजत होती, मजूर ओरडत होते, आणि मी आत पदर खोचून उभी.

एन्लार्जर म्हणजे काय, तर खांबाला लटकवलेला दिवा. वर दिवा, त्याखाली निगेटिव्ह, त्याखाली भिंग. खाली ठेवलेल्या कागदावर चित्र मोठं होऊन पडतं. पण हा एन्लार्जर छोट्या फिल्मसाठी केलेला. त्याचा उजेडच मुळी लाडवाएवढा. मी ती मोठी निगेटिव्ह त्यात कशीबशी सारली, कागदावर उजेड पाडला, कागद औषधात टाकला आणि पाहत बसले. गोल उगवला. गोलाच्या बाहेर पांढरं. गोलात ना गया, ना बाई. मधोमध फक्त दोन हात होते, एकीनं दुसरीचा हात घट्ट धरलेला. एवढा खटाटोप केला आणि हाती काय आलं, तर हात.

बाईला सांगितलं तर ती हरखली. "व्हय, तिनं धरला होता," म्हणाली. "तुझे अण्णा काळ्या कपड्यात शिरले, तवा मला भेव वाटलं. गयानं माहा उजवा हात दाबून धरला. उजव्या अंगाला बसली होती ती." तेव्हा मी ते फक्त ऐकलं. पुढं त्या उजव्या अंगानं माझी काय गत केली ते सांगतेच.

कुठं अडलंय ते मला कळत होतं. भिंग मोठं हवं, उजेड सगळीकडं सारखा हवा, निगेटिव्ह धरायला मोठी चौकट हवी. एन्लार्जरचं डोकं जेवढं आहे तेवढंच राहणार. मी दत्ताला समजावून सांगू लागले आणि सांगता सांगता मलाच कळेना मी काय सांगतेय. दत्ता म्हणाला, अक्का, तू भूगोलच शिकव. बाई शेजारी बसून शिजलेल्या हळदीतून मधले गोल गड्डे आणि लांबट हळकुंडं वेगळी करत होती. दिसत नसलं तरी बोटांना कळतं. तिनं मान वर न करता सुनावलं. ज्या डब्यातून गया आत गेली, त्याच डब्यातून बाहेर काढा ना, दुसऱ्याचं दार काहून ठोठावता?

मी रागावले. तिला काय कळतं यातलं, असं मनात आलं. आणि मग ती म्हणाली ते मनातून जाईना. अण्णांच्या कॅमेऱ्याचं भिंग मोठंच आहे. निगेटिव्ह त्याच्याच मापाची आहे. कॅमेऱ्यात उजेड बाहेरून आत येतो. तोच मागून सोडला आणि भिंगातून बाहेर पडू दिला तर? तरीही दोन रात्री माझी झोप गेली, कारण डोक्यात कॅमेरा कधी उताणा दिसायचा, कधी पालथा.

शेवटी एन्लार्जरचं डोकं काढून ठेवलं आणि नुसता खांब ठेवला. हळदीच्या कुकरचे स्टँड बनवणाऱ्या गावातल्या वेल्डरकडून लोखंडी पट्ट्यांची चौकट करून घेतली. त्याला वाटलं देवघराचं काहीतरी असेल, म्हणून त्यानं कडेला नक्षी काढून दिली. त्या चौकटीत अण्णांचा कॅमेरा तोंड खाली करून बसवला. त्याच्या पाठीवर दोन काचांमध्ये निगेटिव्ह, तिच्यावर दुधी प्लास्टिक, आणि सगळ्यात वर वसमतहून आणलेला छताचा चौकोनी एलईडी दिवा. कडेनं उजेड सांडू नये म्हणून सगळ्यावर अण्णांचाच काळा कपडा गुंडाळला. दिवा लावला. खालच्या पांढऱ्या कागदावर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, दोघी बसलेल्या. काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या केसांच्या, पण दोघी. मला रडू आलं आणि दत्ताला शिंक. हळदीची धूळ त्या कोठीत अशी की श्वास घेतला तरी नाक पिवळं.

पण माझं नशीब सरळ चालतंय का? पहिला फोटो उगवला तो थरथरलेला. दोघींच्या चौघी, प्रत्येकीला दोन नाकं. भिंग नीट लावलं, पुन्हा तेच. डोळे गेले की काय माझेही, असं वाटून मी चष्मा पुसला. मग पाणी प्यायला बाहेर आले, तर अंगणात हळदीला पॉलिश करायचा ढोल धडधड फिरत होता, आणि त्याच्या धडधडीनं कोठीची जमीन, खांब, कॅमेरा, सगळंच हलत होतं. असला घोळ आमच्याच गावात व्हायचा. ढोल बंद करायला सांगितलं, तर मजूर म्हणाले ताई, फोटोसाठी हळद थांबत नसते. त्यांचं जेवण होईपर्यंत मी काचेवरची हळद पुसत बसले. निगेटिव्ह काढली, फुंकली, पुसली, परत ठेवली. परत धूळ दिसली, परत काढली. फिल्मची चकचकीत बाजू वर आणि मंद बाजू भिंगाकडं ठेवायची, हे अण्णांनी मला दहादा शिकवलं होतं. पण त्या जुन्या फिल्मच्या दोन्ही बाजू आता सारख्याच मळकट होत्या. मी बोटानं चाचपलं, लाल उजेडात तिरकी धरून पाहिली आणि आपली ठेवून दिली.

मजूर जेवायला बसले. बाई म्हणाली, मलाबी आत घे, ती उगवताना पाहायचंय मला. तिला पोत्यावर बसवलं, फटी बुजवल्या, उजेड पाडला आणि कागद औषधात सोडला. बाई इतकी वाकली की नाक ट्रेला लागेल. आधी पदरांचे काठ आले, मग केस, मग डोळे. दोघी एका साच्यातल्या. तेच कपाळ, तीच हनुवटी. आमच्याकडं बाईचे फोटो आहेत ते दत्ता कडेवर असतानाचे, तोवर तिचं तोंड बदललेलं. त्यामुळं मलाही ओळखू येईना.

"कोनती?" तिनं विचारलं.

मी हिशोब केला. गया बाईच्या उजव्या अंगाला. समोर बसलेल्या माणसाचं उजवं म्हणजे पाहणाऱ्याचं डावं. म्हणजे आपल्या डाव्या हाताची. "ही बघ," मी म्हणाले, "डावीकडची." बाईनं ट्रेमध्ये हात घातला आणि एक बोट त्या मुलीच्या कपाळावर ठेवलं. ते बोट सकाळपासून हळदीत होतं. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, पण ती काहीतरी पुटपुटत होती, म्हणून गप्प राहिले.

कागद पुढच्या औषधांतून काढून, धुऊन बाहेर उन्हात आणला. त्या मुलीच्या कपाळावर पिवळा ठिपका होता. पुढची औषधं आंबट, म्हणून तो पिवळा राहिला; पहिल्या औषधात सोडा होता, त्यामुळं बाईचं बोट मात्र लाल झालं होतं, चुना पडला की हळदीचं कुंकू होतं तसं. बाई फोटो डोळ्याशी धरून बसली. म्हणाली, हां, असंच होतं तिचं तोंड, डोळे असेच, हीच गया. मग तिच्याशी बोलू लागली. तुझी हळद राहिली होती बाय, बघ, आज लागली. जेवणारे मजूर उठून जवळ आले. मी आणि दत्ता एकमेकांकडं पाहत नव्हतो.

आणि मग मला पदर दिसला.

दोघींचाही पदर उजव्या खांद्यावर होता. साखऱ्यातल्या कोणत्या पोरी उजव्या खांद्यावर पदर घेतील? आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी स्वतःच्या खांद्याला हात लावून पाहिला, मग शेजारच्या मजूर बाईच्या खांद्याकडं पाहिलं. डावा. आपल्याकडं डावाच. म्हणजे निगेटिव्ह उलटी बसली होती. पुसता पुसता मी ती पालटली होती. डावीकडची उजवीकडं गेली होती आणि उजवीकडची डावीकडं. ज्या पोरीच्या कपाळावर हळद होती, ती गया नव्हती. ती बाई होती.

दत्ताला बाजूला घेऊन सांगितलं. त्याला समजायला वेळ लागला, मी जमिनीवर काडीनं दोघी काढून दाखवल्या, मग समजलं. म्हणाला, "काहून सांगतीस? पटलंय तिला. राहू दे." त्याचंही बराबर होतं. काय बिघडणार होतं? म्हातारी खूश होती. पण मला ते सहन होईना. तिनं आयुष्यात एकदा काही मागितलं ते गयाचं तोंड, आणि मी तिला तिचंच तोंड दाखवून गया म्हणून सांगत होते. आणि तिला ते पटलंही होतं. असंच होतं तिचं तोंड, असं ती म्हणाली होती. मग माणसाला कुणाचं तोंड खरंच आठवतं का? मी गोंधळून तिच्यापाशी जाऊन बसले, आणि सांगून टाकलं.

बाईनं फोटो मांडीवर घेतला. फोटोवरून बोट फिरवत राहिली, ओल्या कागदावर, पदरावरून, खांद्यावरून. कुकरची वाफ आमच्याकडं आली आणि गेली. मग ती म्हणाली, "म्हंजे गयाची हळद परत मलाच लागली."

हसली नाही, रडली नाही. मला मात्र काही सावरता आलं नाही. मी म्हणत राहिले, बाई, कागद उरलाय, निगेटिव्ह सरळ करते, दुसरा काढते, आत्ता काढते. ती म्हणाली, नको, हाच राहू दे, झालं ते झालं. मग शेजारच्या ढिगातून तिनं एक गरम हळकुंड घेतलं, मोडलं, त्यावर बोट घासलं आणि हात पुढं केला. "दुसरी कुठं हाय, तितं ने मला," म्हणाली. मी तिचं बोट धरून उजवीकडच्या पोरीच्या कपाळावर नेलं. तिनं बराच वेळ दाबून धरलं. तो ठिपका पहिल्याहून मोठा आणि बेढब आला.

हळद उन्हानं उडते. दत्तानं फोटोला चौकट केली पण काच लावू दिली नाही बाईनं. सोप्यात टांगलाय, वर्षभर दुपारचं ऊन त्यावर येतं आणि पुढचा हंगाम येईपर्यंत दोन्ही कपाळांवर नुसती टिकलीच उरते. मग मी येते. आता बाईला अजिबात दिसत नाही. हळदीच्या ढिगाशी मात्र अजून बसते, बोटांनी निवडते, मजुरांना निवडताना चुकलं म्हणून बोलते.

परवाही तसंच. दत्तानं फोटो भिंतीवरून काढून तिच्या मांडीवर दिला. तिनं हळकुंड मोडलं, बोट घासलं.

"आधी मोठीला," म्हणाली.

मी तिचं बोट धरलं आणि अडकले. उजव्या अंगाची म्हणजे डावीकडची, पण फोटो उलटा, म्हणजे उजवीकडची. की ते मी आधीच धरलंय? माझ्या हातात तिचं बोट तसंच हवेत. दत्ता दारातून हसत होता. बाई वाट पाहत होती, घाई करत नव्हती. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पदर पाहिला, माझा खांदा चाचपला, दोघींचे धरलेले हात पाहिले, आणि तिचं बोट नेऊन टेकवलं.

"लागली का गयाला?"

"लागली, बाई."

तिनं बोट काढलं नाही.